अमेरिकेतली घरपट्टी: वर्षाचा भार बारा महिन्यांत वाटताना

अमेरिकेत ठरलेल्या व्याजदराचं तीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलं, की आपण धरून चालतो की आता महिन्याचा हप्ता कायमचा ठरला. मग वर्ष-दीड वर्षाने कर्ज कंपनीचं पत्र येतं: पुढच्या महिन्यापासून हप्ता दोनशे डॉलरने वाढतोय. कुणाचा चारशेने वाढतो, नव्या वसाहतीत घर घेतलं असेल तर हजाराच्याही वर. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून टेक्सासातल्या फ्रिस्कोपर्यंत अनेक मराठी घरांत हे पत्र आलं की रात्रभर चर्चा होते. बँकेने फसवलं का? व्याजदर बदलला का? कर्ज दुसऱ्याला विकलं म्हणून असं झालं का?

बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. वाढलेली असते ती घरपट्टी, आणि ती तुमच्या हप्त्यात आधीपासूनच बसलेली असते. हप्त्याचे चार भाग असतात: मुद्दल, व्याज, घरपट्टी आणि घराचा विमा. ठरलेला व्याजदर फक्त पहिल्या दोन भागांना लागू होतो. उरलेले दोन दर वर्षी बदलू शकतात आणि बदलतातच. कागदपत्रांवर सही करताना हे कुणीतरी सांगितलेलं असतं, पण त्या दिवशी शंभर पानं समोर असतात, एक मूल कडेवर असतं आणि किल्ली हातात पडण्याची घाई असते. म्हणून हा सगळा हिशोब इथे निवांत मांडतो.

आधी घरपट्टीबद्दल. अमेरिकेचं केंद्र सरकार घरपट्टी लावत नाही. ती काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), गाव किंवा शहर, आणि शाळांचा जिल्हा लावतात. बहुतेक ठिकाणी तिचा सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो. आपली माणसं घर शोधताना पहिला प्रश्न शाळेचा विचारतात. चांगल्या शाळेसाठी मोजायचे पैसे पुढे दर वर्षी या बिलातून जात राहतात. रकमा मोठ्या असतात. न्यू जर्सीत २०२४ साली घरामागचं सरासरी वार्षिक बिल १०,००० डॉलरच्या वर गेलं. टेक्सासात राज्याचा आयकर नाही हे आपण कौतुकाने सांगतो, पण गावं आणि शाळा चालवायचा पैसा तिथे मोठ्या प्रमाणात घरपट्टीतूनच उभा राहतो. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यामुळे मूळ दर १ टक्क्यावर बांधलेला आहे आणि घर विकलं जाईपर्यंत किंवा नवं बांधकाम होईपर्यंत कराचं मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. त्यामुळे एकाच गल्लीत १९८५ साली घर घेतलेले आजोबा आणि काल राहायला आलेलं जोडपं यांच्या बिलात कित्येक पटींचा फरक असू शकतो.

बिल कधी येतं हेही राज्याराज्यांत वेगळं. न्यू जर्सीत ते मुळातच चार भागांत येतं: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर. त्यातले पहिले दोन भाग साधारण मागच्या वर्षीच्या कराच्या निम्म्याइतके असतात, कारण नवा दर तेव्हा ठरलेलाच नसतो. वर्षाचा खरा आकडा उन्हाळ्यात ठरतो आणि झालेली सगळी वाढ ऑगस्ट-नोव्हेंबरच्या भागांवर येऊन पडते. कॅलिफोर्नियात दोन भाग आहेत: पहिला १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. तारीख चुकली की सरळ १० टक्के दंड. टेक्सासात सगळंच एकदम. बिल ऑक्टोबरच्या सुमारास निघतं आणि ३१ जानेवारीपर्यंत संपूर्ण भरायचं. फेब्रुवारीत भरलं तर दंड आणि व्याज मिळून ७ टक्के चढतात आणि पुढे दर महिन्याला वाढत जातात. दिवाळी, नाताळ आणि डिसेंबरच्या सुट्टीत भारताची तिकिटं, या सगळ्याच्या तोंडावर दहा-बारा हजार डॉलर एकरकमी काढणं पगारदार माणसाला सोपं नाही.

हा भार वर्षभरात वाटून देणारी सर्वांत रूढ सोय म्हणजे एस्क्रो खातं. कर्जाचा हिशोब सांभाळणारी कंपनी, जिला सर्व्हिसर म्हणतात, वर्षाच्या घरपट्टीचा आणि विम्याचा अंदाज करते, त्याला बाराने भागते आणि ती रक्कम दर महिन्याच्या हप्त्यासोबत घेऊन वेगळ्या खात्यात ठेवते. बिलाची तारीख आली की तीच परस्पर भरून टाकते.

यात कंपनीचा स्वतःचा स्वार्थ आहे, आणि तो कळला की बाकीच्या अटींचा अर्थ लागतो. घरपट्टी थकली की स्थानिक सरकारचा बोजा घरावर चढतो आणि तो बँकेच्या कर्जाच्याही आधी वसूल होतो. कर थकून घर गेलं तर बँकेचं तारण गेलं. म्हणून बँकेला तुमची घरपट्टी वेळेवर गेलेली हवी असते, आणि डाउन पेमेंट जितकं कमी तितकी ती एस्क्रोवर जास्त अडून बसते. एफएचए, म्हणजे सरकारी विम्याचं संरक्षण असलेल्या, कर्जात तर एस्क्रो टाळताच येत नाही.

या खात्यावर केंद्राच्या कायद्याची पकड आहे. रेस्पा नावाचा हा कायदा १९७४ चा. त्यातला सर्वांत कामाचा नियम राखीव रकमेचा आहे. अंदाज चुकला तर हाताशी असावी म्हणून सर्व्हिसर थोडी जादा रक्कम खात्यात ठेवू शकतो, पण ती वर्षाच्या एकूण खर्चाच्या एक षष्ठांशाहून, म्हणजे दोन महिन्यांच्या भरण्याहून, जास्त असता कामा नये. घर घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, दिवशी काही महिन्यांची घरपट्टी आगाऊ भरायला लावतात ती याच हिशोबातून येते. तो पैसा तुमचाच राहतो, त्याला फी समजू नका. त्यावर व्याज द्यायची सक्ती केंद्राच्या कायद्यात नाही. काही राज्यांच्या कायद्यांत आहे.

आता हप्ता का उडी मारतो ते पाहू. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. विमा बाजूला ठेवून फक्त घरपट्टीचे आकडे घेऊ.

समजा पहिल्या वर्षी घरपट्टी १२,००० डॉलर धरली होती. म्हणजे महिन्याला १,०००, आणि खात्यात दोन महिन्यांची राखीव रक्कम २,०००. वर्षाच्या मध्यात गावाने दर वाढवला आणि प्रत्यक्षात १३,२०० डॉलर भरावे लागले. सर्व्हिसरने बिल पूर्ण भरलं, पण तुमच्याकडून घेतले होते १२,०००. वरचे १,२०० राखीव रकमेतून गेले आणि तिथे ८०० उरले. वर्षाअखेरीस हिशोब होतो. पुढच्या वर्षाची घरपट्टी १३,२०० धरली की महिन्याला १,१०० लागतात, आणि राखीव रक्कमही आता २,२०० हवी. खात्यात आहेत ८००. म्हणजे १,४०० ची तूट. ती बारा महिन्यांत वाटली की महिन्याला सुमारे ११७. नवा भरणा झाला १,२१७.

घरपट्टी वाढली १० टक्के, आणि हप्त्यातला घरपट्टीचा भाग वाढला जवळपास २२ टक्के. बघणाऱ्याला वाटतं, यात लबाडी आहे. पण या २१७ डॉलरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत: १०० डॉलर ही कायमची वाढ आणि ११७ डॉलर ही मागची भरपाई, जी एका वर्षात संपते. दर पुन्हा वाढले नाहीत तर त्यानंतर हप्ता ११७ ने खालीही येतो. खाली आल्याचं पत्र मात्र कुणी इतक्या बारकाईने वाचत नाही.

ही तूट एक महिन्याच्या एस्क्रो भरण्याइतकी किंवा त्याहून मोठी असेल, तर ती लगेच एकरकमी भरा असं सर्व्हिसर सांगू शकत नाही. त्याने ती निदान बारा महिन्यांत वाटून द्यायला हवी. तुम्हाला हवं तर तुम्ही ती एकदम भरू शकता. मग हप्ता ११७ ने कमी राहील. अनेकांना वाटतं, एकरकमी भरलं की हप्ता पहिल्यासारखा होईल. तसं होत नाही, कायमची वाढ राहतेच. तूट वाटून घेण्यावर व्याज लागत नाही, त्यामुळे माझा सल्ला सहसा हाच असतो की ती बारा महिन्यांत जाऊ द्या आणि हातातली रोकड हातात ठेवा. खात्यावर तारण कर्जाहून महागडं क्रेडिट कार्डचं कर्ज असेल तर नक्कीच.

उलटही घडतं. हिशोबात ५० डॉलर किंवा त्याहून जास्त शिल्लक निघाली आणि तुमचे हप्ते नियमित असतील, तर ती ३० दिवसांत परत करणं बंधनकारक आहे. पोस्टाने चेक येतो. अशा पाकिटांत जाहिरातींचा भरणा असतो, म्हणून ती न उघडता फेकून देऊ नका.

नव्या बांधकामाच्या घरात हाच हिशोब फार जोरात लागतो. डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को आणि प्रॉस्परच्या बाजूला, नवीन घरं घेणारी आपली बरीच माणसं आहेत. टेक्सासात वर्षाची घरपट्टी १ जानेवारीला ती मालमत्ता जशी होती त्यावर ठरते. त्या दिवशी तिथे नुसता प्लॉट असेल आणि जूनमध्ये तुम्ही घरात राहायला गेलात, तरी त्या वर्षीचं बिल प्लॉटचंच येतं. समजा ते २,००० डॉलर आलं. सर्व्हिसरने तेच धरून पुढे एस्क्रो कापला तर हप्ता छान वाटतो, घरभर फर्निचर येतं, नवी गाडी दारात लागते. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं १२,००० चं बिल येतं. मग महिन्याला १६७ च्या जागी नवे १,००० आणि वर मागच्या तुटीचे हप्ते, असे मिळून जवळपास १,९७० डॉलर लागतात. एका वर्षासाठी का होईना, हा फटका बसलेल्या कुटुंबांची अवस्था वाईट होते.

यावर उपाय सोपा आहे, पण तो घर घेतानाच करायचा असतो. शेजारच्या बांधून पूर्ण झालेल्या, तेवढ्याच घराची घरपट्टी काउंटीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ती पाहा, कर्ज देणाऱ्याला सांगा की एस्क्रो पूर्ण घराच्या अंदाजावर धरा. तो ऐकत नसेल तर फरकाची रक्कम दर महिन्याला स्वतः बाजूला टाका. न्यू जर्सीत नव्या बांधकामासाठी ऑक्टोबरात वेगळं वाढीव बिल येतं, ते १ नोव्हेंबरला भरायचं असतं. कॅलिफोर्नियात तर जुनं घर विकत घेतलं तरी, जुन्या मालकाचं मूल्यांकन आणि तुमची खरेदी किंमत यांतल्या फरकावर सप्लिमेंटल बिल येतं, आणि ते सर्व्हिसरकडे न जाता थेट तुमच्या पत्त्यावर येतं. ‘बँक भरते ना’ म्हणून ते खणात पडून राहतं आणि मग १० टक्के दंड लागतो. बे एरियात नवं घर घेतलेल्या प्रत्येकाला मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

एस्क्रो नकोच, स्वतः भरू, असंही करता येतं. साध्या कर्जात घराच्या किमतीच्या २० टक्के तुम्ही भरलेले असतील तर बहुतेक कर्जदाते एस्क्रोतून सूट देतात, काही ठिकाणी त्यासाठी थोडी फी घेतात. बचत खात्यावर बरं व्याज मिळत असेल तेव्हा हा विचार मोहात पाडतो. वर्षाला १२,००० डॉलरची घरपट्टी धरली तर वर्षभरात खात्यात सरासरी पाच-सहा हजार राहतील. ४ टक्क्यांनी व्याज दोन-अडीचशे डॉलरच्या आत, तेही करपात्र. एक तारीख चुकली तर टेक्सासातल्या ७ टक्क्यांत ते सगळं जाऊन वर आणखी जातील. शिस्त पक्की असेल तर जरूर करा: वेगळं खातं, पगाराच्या दिवशी आपोआप वळती होणारी रक्कम, आणि अंदाजाहून पाच-सात टक्के जास्त. पण नवरा-बायको दोघंही धावपळीच्या नोकरीत, मुलं लहान, असं घर असेल तर मी एस्क्रोच ठेवायला सांगेन.

काही ठिकाणी सरकारच हप्ते देतं. फ्लोरिडाची योजना मला सर्वांत समजूतदार वाटते. तिथे ३० एप्रिलपर्यंत अर्ज केला तर मागच्या वर्षीच्या करावर आधारित अंदाजे रक्कम जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये चार हप्त्यांत भरता येते. पहिल्या तीन हप्त्यांवर अनुक्रमे ६, ४.५ आणि ३ टक्के सवलत मिळते. पुण्यात लवकर मिळकतकर भरणाऱ्याला सूट देतात तोच विचार, फक्त हप्त्यांसकट. टेक्सासात ६५ वर्षांवरच्या आणि अपंग मालकांना स्वतःच्या राहत्या घराची घरपट्टी चार भागांत, विनादंड भरता येते; आई-वडील नागरिक होऊन तिथे घराचे मालक असतील तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवा. क्रेडिट कार्डाने भरून पॉइंट मिळवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. कार्डाची फी बहुधा दोन टक्क्यांच्या वर असते आणि ती पॉइंटांच्या किमतीहून जास्त पडते.

एस्क्रो असला तरी वर्षातून तीन वेळा लक्ष घालावंच लागतं. एक, वार्षिक हिशोबाचं पत्र आल्यावर त्यातला घरपट्टीचा आकडा काउंटीच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. कधी शेजारच्या पार्सलचा, म्हणजे दुसऱ्याच मालमत्तेचा, कर धरलेला असतो, कधी सवलत धरायची राहिलेली असते. दोन, भरण्याची तारीख उलटल्यावर संकेतस्थळावर ‘पेड’ दिसतंय का पाहा. तुमचे हप्ते वेळेवर असतील तर बिल वेळेत भरणं ही सर्व्हिसरची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि उशिराचा दंड त्याने सोसायचा असतो. पण त्यासाठी आधी उशीर झालाय हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. तीन, कर्ज एका सर्व्हिसरकडून दुसऱ्याकडे गेलं की जास्त सावध व्हा. हस्तांतरणानंतरचे ६० दिवस जुन्या कंपनीकडे वेळेत गेलेला हप्ता उशिराचा मानता येत नाही, पण घरपट्टीचं बिल त्या दोघांच्या मधे हरवू शकतं. हस्तांतरणाच्या महिन्यांत तुमच्या राज्याची तारीख येते का, एवढं पाहून ठेवा.

घरपट्टीच कमी झाली तर वाटायचा भारही कमी होतो. टेक्सासात राहत्या घरासाठी होमस्टेड सवलत आहे; शाळांच्या करासाठी घराच्या मूल्यातून वजा होणारी रक्कम २०२३ मध्ये ४०,००० वरून १,००,००० डॉलर झाली आणि २०२५ च्या मतदानानंतर १,४०,००० झाली. तिच्यासोबत करपात्र मूल्याच्या वार्षिक वाढीवर १० टक्क्यांची मर्यादाही येते. ती आपोआप मिळत नाही, एकदा अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज फुकट असतो. त्यासाठी पैसे मागणारी पत्रं घरी येतात, ती सरळ टाकून द्या. मूल्यांकन जास्त वाटलं तर आक्षेपाची मुदत टेक्सासात साधारण १५ मे, न्यू जर्सीच्या बहुतेक काउंटींत १ एप्रिल. न्यू जर्सीत राहत्या घराच्या मालकांना उत्पन्नाच्या मर्यादेत अँकर योजनेतून पैसे मिळतात, तेही तपासा.

आयकराच्या वेळी एक गफलत नेहमी होते. वजावट मिळते ती सर्व्हिसरने त्या वर्षात काउंटीला प्रत्यक्ष भरलेल्या रकमेची. तुम्ही एस्क्रोत टाकलेल्या रकमेची नाही. राज्य आणि स्थानिक करांच्या एकूण वजावटीवर २०१८ पासून १०,००० डॉलरची मर्यादा होती. २०२५ च्या करवर्षासाठी ती ४०,००० झाली, मात्र ५ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की ती उतरत जाते. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या दोन पगारांच्या घरांना, जे इतकी वर्षं सरसकट प्रमाणित वजावट घेत आले, त्यांनी आता प्रमाणित वजावट आणि प्रत्यक्ष खर्चांची वजावट हे दोन्ही हिशोब शेजारी मांडून पाहावेत.

राहता राहिली दोन प्रकारची माणसं, ज्यांच्या मागे आता कुणी घरपट्टी भरणारं नसतं. एक, कर्ज फेडून मोकळे झालेले. कर्ज संपलं की एस्क्रोतली शिल्लक कामाच्या २० दिवसांत परत येते आणि त्या दिवसापासून बिल तुमचं. गावाच्या कर कार्यालयात फोन करून बिल थेट आपल्या नावे येईल याची खात्री करा. दुसरी, पुण्या-नाशकाला परत आलेली आणि तिकडचं घर भाड्याने ठेवलेली. बिल मिळालं नाही ही सबब न्यू जर्सीतही चालत नाही आणि टेक्सासातही. पोस्टाचा पत्ता बदला, अमेरिकेतलं बँक खातं चालू ठेवा आणि तारखा इथल्या कॅलेंडरवर लिहा. मिनियापोलिसमधल्या एका ९४ वर्षांच्या बाईंची सदनिका थकलेल्या घरपट्टीपायी गेली होती. मूळ कर सुमारे २,३०० डॉलर, दंड-व्याज मिळून १५,०००, आणि काउंटीने ती ४०,००० ला विकून वरचे पैसेही ठेवून घेतले. टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी या खटल्यात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की थकबाकीच्या वरच्या पैशावर मालकाचाच हक्क आहे. तो पैसा मागण्याचा हक्क मिळाला, सदनिका मात्र परत आली नाही.